एकतिसाव्या पानावरचा आकडा

माझ्या घरी न वाचलेली एकशे त्रेचाळीस पुस्तकं होती. आकडा अंदाजाचा नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी खोलीतून बाहेर काढून ओसरीवर लावली आणि दोनदा मोजली. लेखकांनी वाचनालयाला दिलेल्या जादा प्रती एकेचाळीस, वाचनालयातून बाद केलेली जुनी सत्तावन्न, प्रदर्शनांतून मी हौसेनं घेतलेली अठ्ठावीस, आणि लग्नकार्यात, सत्कारात शाल-नारळासोबत हातात पडलेली सतरा. बेरीज जुळते.

ग्रंथपाल म्हणजे वाचणारा माणूस असं लोकांना वाटतं. पांढरकवड्याच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात मी सव्वीस वर्षं वाचनालय चालवतो. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते सात, मधल्या वेळात चार एकर शेती. पुस्तक हातात आलं की मी पानं मोजतो, शिक्का बघतो, शिलाई ओढून पाहतो. वाचायचं राहून जातं. पुस्तकाचं नाव विचाराल तर मी अडखळतो. दाखल क्रमांक सांगा, कपाट आणि कप्पा बसल्या जागी सांगतो.

खोली मोकळी करायची वेळ कापसामुळे आली. आमच्याकडे कापूस वेचून आला की भाव बरा होईपर्यंत घरात भरून ठेवतात. गेल्या वर्षी तो पुढच्या खोलीत भरला आणि चार महिने आम्ही पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. या वर्षी मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधीच विचारलं, "यंदा कापूस कुठी भरू? तुमच्या पुस्तकाच्या डोक्यावर?"

"दसऱ्यापर्यंत खोली मोकळी करून देतो."

"रद्दीत देऊन टाका."

"वाचल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही."

"सव्वीस वर्सं वाचले नाई, अन् आता दोन महिन्यात वाचता?"

मी हिशोब केला. पानं सत्तावीस हजार चारशे शहाऐंशी. दसऱ्याला पासष्ट दिवस. रोजची चारशे तेवीस. माझा वेग घड्याळ लावून पाहिला, तासाला बावीस पानं. म्हणजे रोज एकोणीस तास वाचायला हवं होतं. मंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग झोपता कायले?"

शेवटी एक नियम केला. प्रत्येक पुस्तकाची पन्नास पानं वाचायची. पुस्तकानं धरून ठेवलं तर पुढे जायचं, नाही तर पुस्तक शाळेला किंवा मागेल त्याला द्यायचं. नियम बरा होता, माणूस बरा नव्हता. मला बसवत नव्हतं. दहा पानं झाली की उठून मोटार बंद आहे का ते पाही. पुन्हा बसलो की फाटकाची कडी आठवे. मंदा एकदा म्हणाली, "तुमी वाचून राह्यले का पुस्तकाले राखण बसले?" पहिल्या तीन आठवड्यांत एकोणीस पुस्तकं झाली. विसावं कुक्कुटपालनाचं होतं.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याची दाखल वहीत नोंद होते: क्रमांक, नाव, लेखक, पानं किती. मग पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का. पुस्तक लांबवणारा माणूस ही दोन पानं फाडतो आणि पुस्तक आपलं करतो. म्हणून प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. त्या पानावर शेवटच्या ओळीखाली, शिलाईच्या बाजूला, बारीक अक्षरात दाखल क्रमांक लिहून ठेवायचा. ते पान कोणतं हे फक्त ग्रंथपालाला ठाऊक. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी चावी देताना ते माझ्या कानात सांगितलं होतं. आमचं पान एकतीस. हे छापून आल्यावर ते गुप्त राहणार नाही. राहू नये असंच आता वाटतं.

दुसरी गोष्ट बांधणीची. पुस्तकं सुटतात, पुठ्ठे निघतात. बाहेर बांधणी करून घेणं आमच्या वाचनालयाला जमणारं नाही, म्हणून ती मी घरी करतो. मैद्याची खळ, पुठ्ठा, दाभण आणि मेण लावलेला दोरा. टेबलाखाली एक पिशवी असते. फाटकं पुस्तक परत आलं की सरळ त्या पिशवीत. बांधून झालं की मग वहीत 'परत' असं लिहायचं. आधी लिहिलं तर सभासद ते पुस्तक लगेच मागतात, म्हणून मी अशी पद्धत पाडली होती. पद्धत माझी होती, हे लक्षात असू द्या.

तर कुक्कुटपालन. हे बाद झालेलं पुस्तक मी कोंबड्या पाळायच्या विचारानं घरी आणलं होतं. कोंबड्या आल्या नाहीत, पुस्तक राहिलं. चांगलं जाड होतं, तेव्हा माहिती भरपूर असणार असं वाटलं. खुराड्याची मापं, खाद्य, उजेड असं करत मी अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत आलो. तिथे मानमोडीच्या साथीची लक्षणं दिली होती. ते संपलं तर समोरच्या पानावर वाक्य: कुमुदनं दाराला आतून कडी लावली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मला वाटलं, कोंबड्या पाळणाऱ्या बाईचं उदाहरण असेल. तीन पानं मी कोंबड्या येण्याची वाट पाहत वाचली. कुमुदच्या नवऱ्याची बदली झाली, सासऱ्यानं तिची पेटी उघडून पाहिली, तरी कोंबडी आली नाही. मग पानाच्या क्रमांकाकडे लक्ष गेलं. अठ्ठ्याऐंशीनंतर पाच होता. एका पुठ्ठ्यात दोन पुस्तकं शिवली गेली होती. दोन्ही बिनपुठ्ठ्याची, दोन्ही एकाच आकाराची. आणि शिलाई माझीच होती. मी शेवटची गाठ डावीकडे मारतो.

कुमुदच्या पुस्तकाचं एकतिसावं पान काढलं. शिलाईजवळ माझ्या हाताचा आकडा होता. २३१८.

हे पुस्तक मला नावानं आठवलं नसतं. आकडा आठवला. अकरा वर्षांपूर्वी हा आकडा मी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिला होता आणि त्याच्यापुढे एका बाईचं नाव लिहिलं होतं.

यमुनाबाई चव्हाण अडीच किलोमीटरवरच्या तांड्यातून येत. दहावीपर्यंत शिकलेल्या, घरची शेती. दर मंगळवारी बाजाराला आल्या की आधी वाचनालयात, मग भाजीला. पुस्तक रुमालात गुंडाळून आणत. आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे सभासद. बबन ड्रायव्हर म्हणे, "भाऊ, जाडवालं द्या. पतलं पुस्तक आदिलाबादलेच संपून जाते." एक जुने पोस्टमास्तर शेवटचं पान आधी वाचत आणि शेवट वाईट असला तर पुस्तक तिथेच ठेवत. यमुनाबाई तसं काही करत नसत. पुस्तक घ्यायच्या, पुढच्या मंगळवारी परत करायच्या, आणि "चांगलं व्हतं" किंवा "यानं उगाच लांबवलं" एवढंच सांगायच्या.

त्या वर्षी तपासणी येणार म्हणून मी सगळी पुस्तकं मोजली. दाखल वहीत चार हजार एकशे बारा, कपाटात चार हजार एकशे पाच. सात कमी. देवघेव वही काढली तर सातच सभासदांच्या नावापुढे परतीची तारीख नव्हती. सातास सात. आकडा असा चोख जुळला की मला दुसरं काही तपासावंसं वाटलं नाही. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, फळ्यावरचा सुविचार पुसून मी सात नावं लिहिली. वर मथळा: पुस्तक परत न करणारे सभासद.

यमुनाबाई आल्या, फळा वाचला आणि आत आल्या. "भाऊ, मी देल्लं ना पुस्तक. तुमच्या हातात देल्लं."

"वहीत नाही."

"वहीत नसंन. पन देल्लं."

"वहीत नाही म्हणजे दिलं नाही." हे माझं नेहमीचं वाक्य होतं. मला त्याचा अभिमान होता.

बाहेर भाजीवाल्या बाया ऐकत होत्या. मग त्यांनी सभासद कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्या दिवशी कोंबड्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलं नाही. मग वाचनालयात जाऊन जुन्या वह्या काढल्या. आधी देवघेव वहीतली यमुनाबाईंची पानं मोजली. चार वर्षांत एकशे सत्त्याऐंशी पुस्तकं. एकही उशिरा नाही. हे मी अकरा वर्षांपूर्वी दहा मिनिटांत मोजू शकलो असतो.

मग बांधणीची वही काढली. तिच्यात मी फक्त संख्या लिहीत असे, क्रमांक नाही. त्या वर्षीच्या ओळीत 'बांधणीला घेतली' या शब्दांपुढे एकवीस होतं. ते खोडून वीस केलेलं होतं. खाडाखोड माझी होती. मग आठवलं. पिशवीत एकवीस मोजून नेली, बांधून झाल्यावर वीस भरली, आणि सुरुवातीला मोजताना आपण चुकलो असं धरून मी आकडा दुरुस्त केला. सव्वीस वर्षांच्या वह्यांत मी एकच खाडाखोड केली आहे, असं मी आजवर लोकांना सांगत आलो होतो. ती कोणती, हे विसरलो होतो.

पुढचे चार दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. वाचायला कुमुदचीच गोष्ट घेतली. पन्नास पानांचा नियम लागू करायची गरज पडली नाही. ती एकशे ब्याण्णव पानांपर्यंत वाचली आणि पुढे पानंच नव्हती. दाखल वहीतल्या रकान्यात पानं दोनशे आठ. शेवटचा सोळा पानांचा फर्मा कधीतरी सुटून गेला होता. कुमुद स्टेशनावर बसलेली, एका हातात माहेरची चिठ्ठी, दुसऱ्या हातात सासरच्या गावाचं तिकीट, आणि गाडी आलेली. एवढ्यावर थांबलं.

दोनदा मोटारसायकल काढून तांड्याच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी मंदानं विचारलं, "कुठी जाऊन राह्यले सारखे?" मी सगळं सांगितलं. तिनं ओले हात पदराला पुसले.

"पुस्तक घरात व्हतं, अन् बाईले चोर म्हनलं तुमी?"

"चोर नव्हतं लिहिलं. परत न करणारे सभासद असं—"

"जा आता," ती म्हणाली. "अन् फाट्यावरून वापस येऊ नका."

यमुनाबाई ओट्यावर मूग निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, नाकावर चष्मा होता. मला त्यांनी ओळखलं. आतून सुनेनं सासूला विचारलं, "याडी, कोण हाय?" त्या म्हणाल्या, "वाचनालयवाले भाऊ हायेत. पानी आन." नात्यातल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं, त्यामुळे मला जास्तच अवघड झालं. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

"कोंबड्याचं हाय हे," त्या म्हणाल्या.

"अठ्ठ्याऐंशी पानांच्या पुढे पाहा."

त्यांनी पानं उलटली. एका पानावर थांबून बोट फिरवलं. ते पान मधोमध फाटलेलं होतं आणि पिवळट डिंकानं जोडलेलं होतं. "हे म्या चिकटवलतं. बाभळीचा डिंक हाय. नातेवाइकाच्या पोरीनं फाडलतं." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुठी सापडलं?"

"माझ्या घरी."

मी बांधणीच्या पिशवीचं सांगितलं, एकवीस आणि वीसचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी त्यांना कधी कळलं नसतं. पण अर्धा हिशोब देऊन मला तिथून उठता आलं नसतं.

"म्हंजे एक पुस्तक कमी भरलं, हे तुमाले तवाच समजलं व्हतं."

"वाटलं, मोजताना मी चुकलो असेन."

"मी आलती तवा नाई वाटलं तसं?"

त्यांनी मूग पुढे ओढले आणि निवडायला लागल्या. खडे वेगळे, मूग वेगळे. निवडता निवडताच बोलल्या. तांड्यात बाया दोन वर्षं थट्टा करत होत्या, बचत गटाची वही यमुनाबाईकडे ठेवू नका, परत येनार नाई म्हणून. नवरा म्हणाला, घरी बस, लय झालं वाचन. पुढे काय वाचलं असं मी विचारलं तर म्हणाल्या, "औषदाच्या चिठ्ठ्या. यष्टीच्या पाट्या. पोराच्या लग्नाची पत्रिका."

मी वही सोबत आणली होती. म्हणालो, "परतीची तारीख लिहायची आहे. मला माहीत नाही. तुम्हाला आठवते का?"

"पोळ्याच्या आधीचा मंगळवार. बैलाच्या झुली घ्याले गेलती. एका हातात झुली अन् एका हातात पुस्तक. तुमी म्हनले, झुली टेबलावर नका ठेवू, रंग लागते."

हे मी म्हणालो असणार. माझंच वाक्य आहे ते. मोबाइलमध्ये त्या वर्षीचं कॅलेंडर काढून तारीख पाहिली आणि परतीच्या रिकाम्या चौकोनात लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सभासदाच्या सांगण्यावरून. त्या वहीत कुणाच्या शब्दावरून झालेली ती पहिली नोंद. मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी ओळ वाचली.

"फळ्यावर मंगळवारी लिवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मंगळवारीच लिवा."

"लिहितो."

"बाकीच्या सहा जनायचं काय?"

"त्यांची पुस्तकं सापडली नाहीत."

"शोधले?"

"नाही."

"मंग कसं म्हनता?"

उठायच्या आधी मला राहवलं नाही. घरातून निघताना हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "यमुनाबाई, शेवटची सोळा पानं नाहीत यात. ती कुमुद कोणत्या गाडीत बसते?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "वाचलं तुमी?"

"वाचलं."

"सहाही जनायच्या घरी जाऊन या. मंग सांगीन."

मंगळवारी बाजार भरायच्या आत फळा पुसला आणि लिहिलं: क्रमांक २३१८ यमुनाबाई चव्हाण यांनी वेळेत परत केलं होतं. ते ग्रंथपालाच्या घरी सापडलं. चूक ग्रंथपालाची. आमच्या समितीतले एक सदस्य म्हणाले, "एवढं खुल्लं लिवाची गरज नव्हती, भाऊ." मी म्हणालो, तेव्हाही खुल्लंच लिहिलं होतं. त्या दिवशी यमुनाबाई आल्या, फळा वाचला आणि भाजीला निघून गेल्या. आत आल्या नाहीत. त्यांचं जुनं कार्ड, क्रमांक एकशे चौदा, मी टेबलाच्या वरच्या खणात आणून ठेवलं आहे.

हे लिहीपर्यंत चौघांकडे जाऊन आलो. बबन ड्रायव्हरनं कबूल केलं, "हाव भाऊ, जाडवालं व्हतं, हैदराबादच्या धाब्यावर राह्यलं. लाज वाटे म्हनून इकडून यायचं सोडलं." एकांनी देवघरातल्या तसबिरीमागून पुस्तक काढून दिलं. एका बाईला काहीच आठवत नव्हतं, तिच्या नावापुढे मी काही लिहिलेलं नाही. चौथे गृहस्थ मला दारातच म्हणाले, दिलं होतं, आणि दार लावून घेतलं. त्यांचं पुस्तक बांधणीच्या पिशवीतून दुसऱ्याच पुठ्ठ्यात गेलं असेल का, ही शंका आता जात नाही. म्हणून वाचनालयातलं मी बांधलेलं प्रत्येक पुस्तक काढून शेवटपर्यंत चाळतो आहे. राहिलेल्या दोघांपैकी एक मुकुटबनला लेकीकडे राहतात. त्यांच्याकडे दिवाळीनंतर जाईन. सहावे ते पोस्टमास्तर. ते वारले. त्यांच्या मुलाला भेटायचं आहे.

दसरा होऊन गेला. एकशे त्रेचाळीसपैकी बावन्न झाली, एक्क्याण्णव बाकी आहेत. कापूस पुढच्या खोलीत भरला, पाहुणे ओसरीवर. पुस्तकं चाळताना मी ओसरीवर बसलो की मंदा जाता येता एवढंच विचारते, "कोनाचं सापडलं काय?"

कुमुदचं पुस्तक कोंबड्यांपासून सोडवून नव्या पुठ्ठ्यात बांधलं आणि कपाटात जागेवर ठेवलं. बांधायच्या आधी वहीत 'परत' लिहिलेलं होतं. दाखल वहीत त्याची पानं दोनशे आठ आहेत. शेवटची सोळा यमुनाबाईंकडे आहेत, आणि ती नोंद कोणत्या रकान्यात करायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.